ताईची नळी

भाची म्हणते, मामा, एकदा लिहून काढा. चौथीत शाळा सोडली ती काय म्हातारपणी निबंध लिहायला? पण ही पोरगी आईवर गेलीय, मानगुटीवर बसली की उठत नाही. दिवा लावून समोर बसलीय. माझा हात थांबला की खोकते. लिहितो. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं आपल्या पोरांचं तपासावं.

आमचा धंदा गिटारी बनवायचा. गिटारीचं पोट आणि पाठ कुणीही कापेल. खरी कसोटी कंबरेची, बाजूच्या पट्ट्यांची. शिसवाची पातळ पट्टी भिजवायची, आतून गॅसच्या जाळानं तापलेल्या लोखंडी नळीवर धरायची आणि वाट बघायची. लाकूड कधी ढिलं पडलं ते हातालाच कळतं. त्याआधी जोर केला की कडकन मोडतं. ही पारख ताईची. माझी थोरली बहीण, म्हणजे या भाचीची आई. पट्टी नळीवर धरून पुटपुटायची, "वळ गं बाई, घाई नाही." आम्ही हसायचो.

भाऊजी तिच्या अगदी उलट. दुकान नावावर आणि राग नाकावर.

ताईच्या हातून एकदाच पट्टी मोडली. मी त्या दिवशी लाकूड आणायला गेलो होतो. परतलो तर गल्ली दारात उभी. ताईचा उजवा तळहात जळून हाड दिसत होतं. भाऊजी सगळ्यांना सांगत होते, "हा दीडशहाणा नळी तापती ठेवून गेला. ही पुसायला गेली अन् भाजली."

मी ताईकडे बघितलं. ताईनं नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. यानंच ठेवली होती."

गॅस मी माझ्या हातानं बंद करून गेलो होतो. तिला ते ठाऊक होतं, कारण जाताना तिनंच विचारलं होतं, बंद केलास ना?

जखम चिघळली, ताप मेंदूत गेला आणि ताई संपली. गल्लीतल्या बायका मला बघून पोरं आत ओढायला लागल्या. सख्ख्या बहिणीला खाल्लं म्हणे. भाऊजींनी मला नळीला हात लावायची बंदी केली. भाचीसुद्धा माझ्याशी बोलेनाशी झाली. आता खाली मान घालून बसू नकोस गं, खरं तेच लिहितोय.

पुढे एका वाजवणाऱ्याची गिटार आली करायला. दुपार होती. नळीला वारा लागू नये म्हणून आम्ही शटर खाली ओढतो, त्यामुळे आत अंधारच असतो. वरच्या काचेतून थोडा उजेड आणि नळीत जाळाचा फुरफुर आवाज, एवढंच. मी कोपऱ्यात पट्ट्या घासत होतो. भाऊजी नळीवर.

पट्टी वळेना. भाऊजी तिला आयाबहिणीवरून बोलायला लागले.

"भाऊजी, अजून ढिली नाही पडली. थांबा जरा."

"तू शिकवणार मला? बहिणीला जाळलेला माणूस?"

मी पुन्हा पट्ट्या घासायला लागलो. ओलं लाकूड नळीवर चरचरत होतं. मग ते चरचरणं बारीक होत गेलं... आणि त्यात श्वास यायला लागला. कुणीतरी ओठ न हलवता पुटपुटावं तसं. शिसव तापलं की गोडसर वास येतो. त्या दिवशी आला तो केस जळाल्याचा.

"अरे..." भाऊजी म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "अरे, ही बघ..."

उठून बघितलं. पट्टीचं मोकळं टोक वर आलं होतं आणि त्यांच्या मनगटावरून सापासारखं वळलं होतं. तळहात नळीवर दाबलेला. ते मागे ओढत होते आणि पट्टी सावकाश, अगदी सावकाश आवळत होती.

"गॅस... गॅस बंद कर."

गॅसची चावी माझ्या हाताशी होती. मी स्टूल ओढून बसलो.

"भाऊजी, ताईचा हात कुणी भाजला?"

"तू..."

"बरं," म्हटलं. मला कुठे जायचं होतं?

"मी," ते म्हणाले. नाकातोंडातून पाणी गळत होतं. "पट्टी मोडली म्हणून... मी धरून ठेवला होता. मीच."

मग मी चावी फिरवली. जाळ विझला. पट्टी सुटली नाही. कबुलीशी तिला काही घेणंदेणंच नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. भाऊजी ओरडून दमले, मग नुसते हुंदके देत राहिले, आणि शेवटी पट्टी आपोआप गळून पडली. एवढी सुबक कंबर मी जन्मात बघितली नव्हती.

त्यांच्या तळहातावर डाग नाही, फोड नाही. फक्त हात नळीच्या गोलाईत वळलेला. डॉक्टर फळी बांधून सरळ करतात, सकाळी फळी चिरलेली आणि हात पुन्हा तसाच. त्या हातात आता पेलासुद्धा बसत नाही, भाची भरवते त्यांना. त्यांनी भर गल्लीत माझे पाय धरून माफी मागितली. मी माफ केलं की नाही तो माझा प्रश्न. भाचीनंही मागितली, रडून रडून.

गॅसची टाकी मी त्याच आठवड्यात परत केली. दुकान बंद आहे. भाची नळीला हात लावते तर नळी गार असते. मी दोन हातांवर आलो की मात्र तिच्यावर शिंपडलेलं पाणी थुईथुई नाचायला लागतं, आणि तो बारीक श्वास सुरू होतो.

मी रोज जातो. रोज तेच मागतो. तोंडानं एकदा म्हण, यानं नळी तापती नव्हती ठेवली. ती म्हणत नाही, नुसती तापत जाते. माफी मागायची उरलीय ती एकटीच. माझी ताई.