शेवटच्या नळाचं पाणी

हे खरं आहे. माझ्या बाबतीत घडलं आहे.

पटलं तर ठीक, नाही पटलं तरी मी वाद घालणार नाही. तेवढी ताकद आता राहिली नाही.

गावाचं नाव सांगत नाही. ओल्टेनियाच्या टेकड्यांमध्ये आहे, तीसेक घरांचं. दिवस गुरुवार, सोळा ऑक्टोबर. रात्र नव्हती. सकाळचे पावणेसात वाजले होते आणि धुकं होतं, इतकंच.

माझं नाव सावू. सव्वीस वर्षं मी एकच काम करतोय. गावोगावच्या पाणीयोजना तपासायच्या. झरा, टाकी, पंप, क्लोरीन, चालवणारा माणूस, सगळं बघायचं. मग कागदावर लिहायचं, ही योजना भरवशाची आहे की नाही.

कुठल्याही गावात गेलो की मी आधी शेवटचा नळ उघडतो. तिथं पाणी नीट आलं तर मधल्या घरांची काळजी नसते.

या गावातला शेवटचा नळ माझ्या बायकोच्या माहेरच्या अंगणात आहे.

घर रिकामं आहे. इलिंका दोन मार्चला गेली.

आदल्या दिवशी हॉस्पिटलात तिनं माझा हात धरला होता.

"सावू, माझं पाणी वाहायला लावशील ना? गावात?"

"लावीन गं. तू पड आता."

तिच्या गावात माणूस गेलं की चाळीस दिवस त्याच्या नावानं पाणी वाहतात. रोज सकाळी एक बादली, शेजारच्या एका घरी नेऊन द्यायची. बादलीमागे काठीवर एक खाच. चाळिसाव्या दिवशी ओढ्यावर जाऊन, साक्षीदार ठेवून, ते सगळं पाणी त्या माणसाच्या हवाली करायचं. नाही केलं तर ते तिकडे तहानलेलं राहतं, असं म्हणतात.

पाणी बाईनं किंवा मुलीनंच वाहायचं. शेजारच्या दोम्निकामावशी तयार होत्या. वय अठ्ठ्याहत्तर.

मीच नको म्हणालो.

"मावशी, घरोघरी नळ आलाय. तुमच्या बादलीभर पाण्याची कुणाला गरज आहे? पाणी पोचलंय सगळ्यांकडे."

ही योजना आदल्या वर्षी मीच भरवशाची ठरवली होती. मला तिचा अभिमान होता.

मावशी एवढंच म्हणाल्या, "तू म्हणशील तसं, जावईबापू."

चाळिसावा दिवस आला आणि गेला. मी त्या दिवशी दुसऱ्या एका गावात पंप तपासत होतो.

तर, सोळा ऑक्टोबर.

योजना चालवणारा तितू पंपघरात वाट बघत होता. पन्नाशीचा, बोलका माणूस. त्यानं मला वही दाखवली.

"साहेब, आधी हे बघा. मग मला वेड्यात काढा."

रोज सकाळी सातच्या सुमाराला दहा लिटर पाणी जात होतं. कुठल्याही घराच्या मीटरवर ते दिसत नव्हतं. मुख्य मीटरवर मात्र दहा लिटर, आणि मग थांबायचं.

"गळती असेल," मी म्हणालो.

"गळती रात्रंदिवस गळते. ही घड्याळ लावून उठते आणि बादली भरली की बंद होते. असली शहाणी गळती माझ्या बायकोला दाखवायला हवी. तिला एक नळ नीट बंद करता येत नाही."

मी पानं उलटली.

पहिली नोंद अकरा एप्रिलची होती.

बोटांवर मोजलं. दोन मार्चपासून चाळीस दिवस म्हणजे दहा एप्रिल.

अकरा एप्रिल...

मी वही मिटली.

"एकेक व्हॉल्व बंद करून शोधलंय," तो म्हणाला. "शेवटच्या लाइनवरच जातं. ती लाइन बंद करून टाका साहेब. तुमचा नियमच आहे ना, हिशेब न लागणारं पाणी असलं तर लाइन बंद, नाहीतर योजना नापास. नापास झाली तर माझी नोकरी गेली. आणि तिथं राहतं तरी कोण..."

मग त्याला आठवलं. त्यानं टोपी काढली.

"माफ करा, साहेब."

"बरोबर बोललास," मी म्हणालो. "बंद करू."

तितू मीटरपाशी थांबला. मी व्हॉल्वची किल्ली घेऊन वर गेलो. फोन चालू ठेवला.

अंगणात पानं पडली होती. नळ घट्ट बंद होता. मी हात लावून बघितला. तोटी कोरडी. खालचा दगड कोरडा.

पलीकडच्या घरांतून आवाज नाही. कुत्रं नाही. कोंबडं नाही.

सात वाजले.

"साहेब," फोनमध्ये तितूचा आवाज आला. "सुरू झालं. एक लिटर... दोन..."

मी नळाकडे बघत होतो.

पाण्याचा थेंब नाही. आवाज नाही.

"पाच... सहा... दिसतंय का काही?"

"नाही."

"आठ... नऊ... दहा. थांबलं."

मी खाली बघितलं.

दगडावर ओलं वर्तुळ होतं. बादलीच्या बुडाएवढं.

मग गल्लीत एक आवाज झाला... बादलीची कडी पडल्याचा.

मी धावलो. आवाज दोम्निकामावशींच्या दाराशी झाला होता. पायरीवर बादली होती, काठोकाठ भरलेली. पाणी अजून हलत होतं.

मावशी दारात उभ्या होत्या. त्या दचकल्या नव्हत्या.

"रात्री ही बादली पालथी घालून ठेवते," त्या म्हणाल्या. "माझी पाळी आली की सकाळी सरळ असते, भरलेली. आज माझी भरली. काल पलीकडच्या मारिनाची भरली होती. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तूच म्हणालास, नळ आलाय."

मी पायरीवर बसलो.

मावशी शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तिचं कुणी वाहिलं नाही ना, म्हणून ती स्वतःच वाहतेय रे. पण स्वतःचं स्वतः वाहिलेलं चालत नाही. ती किती दिवस वाहील? सहा महिने झाले."

इलिंकाचं उजवं मनगट शेवटच्या वर्षी फार दुखायचं. तिला साधा चहाचा कप उचलवत नव्हता.

तेवढंच डोक्यात फिरत राहिलं.

खाली येऊन मी किल्ली तितूच्या हातात दिली. लाइन बंद केली नाही.

"आणि कागद?"

"कागद पुढच्या महिन्यात. मी रजा टाकतोय."

"कशासाठी?"

"पाणी वाहायला."

तितू हसायला लागला आणि मधेच थांबला. "साहेब, पुरुष माणूस? या गावात कधी कुणी बघितलं नाही."

"आता बघतील."

मी तिच्या रिकाम्या घरात राहिलो. दुसऱ्या दिवशी सातला नवी बादली शेवटच्या नळाखाली लावली. भरली. मारिनाच्या घरी नेली. पोहोचेपर्यंत निम्मी पँटवर आणि बुटांवर सांडली होती.

मारिना दारातून म्हणाली, "अहो सावूदादा, पाणी इलिंकाला पोचवायचंय, तुमच्या बुटांना नाही!" मग तिलाच रडू फुटलं. तिनं बादली घेतली आणि म्हणाली, "इलिंकाला पोचो."

परत आलो तेव्हा तितूचा फोन आला.

"साहेब, आज किती भरलंत?"

"एक बादली. दहा लिटर."

"मीटरवर वीस गेलेत."

मी नळाखाली बघितलं. दगडावर दोन ओली वर्तुळं होती. शेजारी शेजारी.

त्या दिवसापासून रोज तसंच. मी एक बादली भरायचो, मीटर वीस दाखवायचं. मी एका घरी द्यायचो, शेजारच्या पायरीवर दुसरी असायची. गल्लीतून जाताना माझ्या उजव्या बाजूला थंड वाटायचं. एकदा मी बादली डाव्या हातात घेतली आणि उजवा हात थोडा बाजूला धरला. तसाच चालत गेलो.

काही झालं नाही. पण मी रोज तसाच चालायला लागलो.

मी तिच्याशी बोलायचोही. पंपाबद्दल, मारिनाच्या टोमण्यांबद्दल. हॉस्पिटलात बोललो नव्हतो तेवढं बोललो.

चाळिसाव्या दिवशी मावशींबरोबर ओढ्यावर गेलो. पाण्यावर मेणबत्ती आणि पाव सोडला. चाळीस खाचांची काठी सोडली. मग रीतीप्रमाणे तीनदा विचारलं.

"मावशी, मी इलिंकाला पाणी दिलं. तुम्ही साक्षी?"

"मी साक्षी."

"मावशी, मी इलिंकाला पाणी दिलं. तुम्ही साक्षी?"

"मी साक्षी."

तिसऱ्यांदा विचारलं.

मावशींनी तोंड उघडायच्या आत... उत्तर आलं.

माझ्या पाठीमागून, ओढ्याच्या वरच्या अंगानं. हळू. बाईचा आवाज.

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. "मागे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "बघितलंस तर तिला जाववणार नाही."

मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटर हललं नाही. त्यानंतरही कधी नाही. मी कागदावर योजना भरवशाची म्हणून लिहिली. तितूची नोकरी राहिली. हिशेब न लागणाऱ्या पाण्याचा रकाना मी कोरा ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तो आवाज कुणाचा होता ते मला माहीत आहे. ती खरंच पोचली का, ते माहीत नाही. पाणी थांबलं म्हणजे तहान भागली, की आणखी काही झालं, हे सांगणारं कुठलंही मीटर माझ्याकडे नाही.

मी अजून रोज सकाळी तितूला फोन करतो.

"शून्य, साहेब," तो खुशीत सांगतो. "एक थेंब नाही. मस्त."

मी बरं म्हणतो. फोन ठेवतो.

मग वाकून माझ्या स्वतःच्या घरातल्या सिंकखालचं मीटर बघतो. सगळे नळ बंद करून, सातला.

तेही हलत नाही.

तरी मी रात्री एक बादली पालथी घालून ठेवतो.