पारुबाईला सांगायचं राहिलं

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. इथं भरदुपार होती, बाहेर जीपवाले "सेनगाव, सेनगाव" ओरडून राहिले होते, अन् तरी हे घडलं. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं. माझी चुलत बहीण यास्मीन खोटं बोलणारी न्हाई. आयुष्यात एकदाच बोलली, अन् तेच तिला खाऊन राहिलंय.

साल २००५, एप्रिल महिना. गोरेगावात जीपस्टँडसमोर माझ्या चाँद पाशा चाचांचा फोटो स्टुडिओ.

चाचा लग्नाचे फोटो काढायचे. स्कॅनर, रंगीत प्रिंटर, नवा डिजिटल कॅमेरा, हे सगळं यास्मीनकडं. पोरीच्या हाताला कसब भारी. नागमोडी कात्रीनं कागद कापून, जरीची लेस लावून ती ईदचे, वाढदिवसाचे कार्ड बनवायची. पार हिंगोलीहून मागणी यायची.

एका सकाळी तांड्यावरची पारुबाई आली. ओढणीच्या गाठीतून तिनं एक फोटो काढला.

सात वर्षांची पोरगी. शिवकन्या. नवा झगा, कपाळाला कुंकू... डोळे मिटलेले.

यास्मीनला समजायला वेळ लागला न्हाई.

पारुबाई नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेली होती, लेकराला आजीपाशी ठेवून. फेब्रुवारीत पोरीला ताप भरला. निरोप मिळून पारुबाई पोचेपर्यंत पोरीला मूठमाती देऊन झाली होती. मायला निदान तोंड तरी दिसावं म्हणून मामानं हा फोटो काढून ठेवला. पोरीचा दुसरा फोटोच नव्हता.

"आजी म्हणती, शेवटपर्यंत दाराकडं बघून राहिली व्हती," पारुबाई म्हणाली. "डोळे उघडून दे, बाई. एकदा माझ्याकडं बघू दे माझ्या लेकराला."

असलं काम स्टुडिओवाले करतातच. दुसऱ्या कुणाचे तरी डोळे कापून बसवायचे.

"डोळे कुणावर गेले होते, मावशी?"

"माझ्यावरच, बाई."

मग यास्मीननं तिलाच स्टुलावर बसवलं. "सरळ माझ्याकडं बघा. रडू नका, हां." फोटो काढला. त्यातले डोळे बारीक केले अन् पोरीच्या चेहऱ्यावर नेमके बसवले. पारुबाईनं पोरीच्या जुन्या झग्यावरचे चार आरसे उसवून आणले होते. फोटो कार्डात लावून ते कडेला चिकटवायचे ठरले.

"गुरुवारी या, मावशी."

बुधवारी प्रिंट काढली.

स्क्रीनवर पोरगी सरळ समोर बघत होती. कागदावर... दाराकडं.

प्रिंटरचा घोळ असेल म्हणून दुसरी काढली. दाराकडं. तिसरी... दाराकडंच.

यास्मीननं कागद उचलला अन् समोरच्या भिंतीला टेकवून ठेवला. आता दार फोटोच्या दुसऱ्या अंगाला आलं.

बुबुळं... त्या अंगाला गेली होती.

"अब्बा, ये देखो ना!"

चाचांनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "चिपका के दे दे, बेटा," ते म्हणाले. "माँ है उसकी. ले जाने दे."

गुरुवारी भरदुपारी लाइट गेली. पंखा थांबला. अन् बाहेरचा जीपवाल्यांचा कालवा एकाएकी... बंद.

दारात पारुबाई उभी होती.

यास्मीननं कार्ड उघडून तिच्यासमोर धरलं.

"आले गं माय, आले," कार्डाकडं नजर जायच्या आधीच पारुबाई म्हणाली अन् तिला हुंदका फुटला. ओढणीत तोंड खुपसून ती दारातच खाली बसली.

तेवढ्यात... पोरीचे डोळे तिच्यावर येऊन थांबले.

यास्मीननं हे स्वतः बघितलं. पोरगी आईला बघून राहिली होती. ओठाचा कोपरा जरासा हलला. मग झोप आलेल्या लेकरासारख्या पापण्या हळूहळू... मिटल्या.

"मावशी, बघा!" दोनच शब्द. पण यास्मीनच्या गळ्यातून ते निघेनात.

पारुबाईनं तोंड पुसून मान वर केली, तेव्हा कार्डावर मिटलेले डोळे होते.

दुसऱ्यांदा उशीर झाला बिचारीला.

"उघडले न्हाईत का, बाई?"

काय सांगणार? लेकरानं बघितलं, अन् तेवढ्यात तुम्ही रडत बसलात म्हणून?

"न्हाई, मावशी. मशीनच बिघडलं. डोळे उघडलेच न्हाईत."

पारुबाईनं कार्ड हातात घेतलं. आरशांवरून बोट फिरवलं.

"मशीनीचं काय चुकलं," ती म्हणाली. "पोरगी रागावली मायवर. म्हणून बघंना."

कार्ड पोटाशी धरून ती जीपमध्ये जाऊन बसली.

यास्मीन भानावर येऊन पळाली तोवर जीप सुटली होती. चार दिवसांनी चाचांना घेऊन ती तांड्यावर गेली, तर घराला कुलूप. नवरा-बायको वीटभट्टीवर गेले म्हणे. कुठल्या, ते कुणाला ठाऊक न्हाई. पुढं ते परत आलेच न्हाईत.

कॉम्प्युटरमधल्या फोटोत पोरीचे डोळे मिटलेले निघाले. कॅमेऱ्यात पारुबाईचा फोटो होता, सरळ समोर बघताना काढलेला. त्यातही डोळे... मिटलेले.

कसं झालं, मला विचारू नका. यास्मीन अजूनही कुणाच्या डोळ्यांचं काम घेत न्हाई. दारावर सावली पडली की हातातली कात्री ठेवून आधी तिकडं बघते.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला कुठं पारुबाई भेटली, तर एवढं सांगा. लेकरू रागावलं नव्हतं. त्यानं तिला बघितलं होतं.