दार उघडंच आहे

"माझी आई जाऊन वर्ष झालं," मुलगी म्हणाली, "आणि परवा दुपारी ती ओरडली म्हणून पोलीस आमच्या घरात शिरले."

वकीलसाहेबांच्या साडूंचा चहा बशीत सांडला. उभा जन्म औषधाच्या दुकानात गेला, पण असलं दुखणं त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. समोर वकीलसाहेब मात्र ढिम्म. वकिली सोडून खाजगी तपास घ्यायला लागल्यापासून त्यांना कशाचं म्हणून नवल वाटत नसे.

"नीट सांग, पोरी."

तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. एका बंगल्यात जाऊन रेडिओ दुरुस्त केला आणि त्याच आठवड्यात तिथला मोत्यांचा हार नाहीसा झाला. बंगल्यावर पहारा होता एका हवालदाराचा. त्याने रेडिओवाल्यावर बोट ठेवलं, पण नुसत्या संशयावर न्यायाधीशांनी झडतीचं वॉरंट दिलं नाही. परवा बाबा दुकानात होते. हवालदार गल्लीतून जात होता, बंद घरातून बाईची किंकाळी आली, म्हणून कुलूप फोडून आत गेला. आत हार सापडला आणि बाबांना अटक झाली.

"कुणाचा जीव धोक्यात असेल तर पोलिसाला वॉरंट लागत नाही," वकील म्हणाले. "आणि लागूही नये. वडील काय म्हणतात?"

"म्हणतात, तीच ओरडली. शेवटच्या घटकेला मी जवळ नव्हतो, त्याची शिक्षा देतेय. उद्या ते कोर्टात चोरी कबूल करणार आहेत. न केलेली चोरी!"

मुलीच्या घरात पाऊल टाकलं आणि साडूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपार, पण आत गारठा. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर अजून अर्धं शिवलेलं झबलं. फरशीवर बटणंच बटणं. हार आईच्या बटणांच्या डब्यात निघाला होता.

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. साडूंनी ती ओढून पाहिली, हलेना.

"आई त्या खोलीतच वारली," मुलगी म्हणाली. "नंतर घराला रंग दिला, तेव्हा बाबांनी कडीवरूनच ब्रश फिरवला. पुन्हा उघडायचीच नाही म्हणाले."

वकिलांनी कडीवरून बोट फिरवलं. रंगाला कुठे तडासुद्धा नव्हता.

भिंतीला भिंत लागून शेजारीण राहायची. कोरडे हात ती पदराला पुसत होती, पुन्हा पुसत होती.

"ऐकलं की! हवालदाराने विचारलं, तुम्हीही ऐकलंत ना? म्हटलं, ऐकलं. तिचाच आवाज."

"काय म्हणाली?"

शेजारणीची नजर खाली गेली. "दार उघडंच आहे... या ना कुणीतरी."

साडूंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "वकील, हे आपलं काम नाही. मांत्रिक बघा."

"मेलेल्याची भीती कशाला, साडूभाऊ? जिवंतांनी काय कमी उच्छाद मांडलाय?"

वकिलांच्या सांगण्यावरून संध्याकाळी फौजदार हवालदाराला घेऊन त्याच घरी आले. शेजारीणही दाराबाहेर येऊन थांबली. हवालदार छाती काढून उभा होता. या घरात मेलेली बाई ओरडते, ही गल्लीतली गोष्ट आपणही ऐकून होतो, असं त्याने आपणहून सांगितलं.

"किंकाळी कशी होती?" वकिलांनी विचारलं.

"'वाचवा, वाचवा!' जिवाच्या आकांताने. मी कुलूप फोडलं. घर पालथं घातलं. बाई कुठेच नाही. शोधता शोधता डबा उघडला, तर हार!"

"शाब्बास. तो डबा घ्या बघू हातात."

हवालदाराने उचलला. ओंजळीत मावेल एवढा तो डबा.

"यात बाई मावते?"

साडूंना हसू फुटलं, पण वकिलांचा चेहरा पाहून ते विरलं.

"जीव वाचवायला पोलीस आत शिरला, तर माणूस असू शकेल तिथेच बघेल. खाटेखाली, कपाटात, बंद खोलीत. ही खोली तर बाहेरून कडी लावलेली, ओरडणारी बाई असली तर इथेच असणार. पण कडीवरचा रंग जसाच्या तसा आहे. म्हणजे जिथे बाई असू शकत होती, ते दार तुम्ही उघडलंच नाहीत. उघडलात बटणांचा डबा! कारण बाई नाहीच, हे तुम्हाला ठाऊक होतं. वॉरंट मिळेना, म्हणून गल्लीतलं भूत कामाला लावलंत. एवढ्या घरात नेमका तोच डबा उघडलात, म्हणजे हार तुमच्याच खिशातून आला. चोरी झाली तेव्हा पहाऱ्यावरही तुम्हीच होतात."

हवालदाराच्या हातून डबा निसटला. फौजदारांनी त्याचा पट्टा उतरवून घेतला.

"पण या बाईंनीही ऐकलं ना!" साडू बोलून गेले.

"ऐकलं. पण परवा नव्हे." वकिलांचा आवाज खाली आला. "परवा दाराला कुलूप होतं. 'दार उघडंच आहे' असं कोण ओरडेल? ही हाक वेगळ्याच दिवसाची आहे, बाई."

शेजारणीने तोंडाला पदर लावला. "ती गेली त्या दिवसाची. सांडपाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. म्हटलं, नाटकं करतेय. आपण कशाला लोकांच्या घरात शिरा? वर्षभर रोज ऐकतेय मी. हवालदाराने विचारलं, तर नाही कसं म्हणू?"

कुलूप फोडायची मुभा कायदा देतो, आणि इथे तर दार नुसतं ढकलायचं होतं. साडूंना त्या बाईची कीव आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी रेडिओवाले सुटले. मुलीने त्यांना सगळं सांगितलं होतं. वकील आणि साडू यांच्यासोबत घरी येताच त्यांनी पेचकस घेतला, कडीवरचा रंग खरवडला आणि आतल्या खोलीची खिडकी उघडली.

शेजारीण उंबऱ्याबाहेर उभी होती. पाऊल पुढे पडेना.

"भावोजी, ती तुम्हाला नव्हती बोलावत. मला बोलावत होती."

रेडिओवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. साडूंना वाटलं, आता हा माणूस दार तोंडावर आपटणार. आपटलं असतं तरी कोण नावं ठेवणार होतं?

"या, वहिनी," ते न वळताच म्हणाले. "दार उघडंच आहे."