सिंधूबाईंचा डावा पाय

सकाळी नऊला पोलीस ठाण्यात फोन आला. बायकोनं माझ्या आईचा पाय भाजला, असं प्रभू सांगत होता. दोन वर्षं पुण्यात रमलेला हा लेक मिळेल ती गाडी धरून सेनगावजवळच्या आपल्या गावी धावत आला होता.

जमादार राधिका पोचली तोवर गावानं निकाल लावूनही टाकला होता. सून सीमा कपड्यांची पिशवी घेऊन अंगणाच्या कडेला उभी. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. अटक झाली तर माहेरचंही दार बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सिंधूबाई शेळ्यांना पाला टाकून परसातून आल्या. डावी चप्पल वाटेतच सुटून राहिली, बाईंना पत्ताच नाही. राधिकानं ते पाहून ठेवलं.

डाव्या तळव्यावर मोठा फोड होता, एका बाजूनं अगदी सरळ कडेचा. सीमानं काल दुपारी उलथनं तापवून लावलं, असं त्या म्हणाल्या. उलथन्याचं पातं तर फोडाच्या निम्मंही नव्हतं. चुलीजवळ फडक्यात गुंडाळलेली वीट पडली होती. मागच्या वर्षी मणक्याचं ऑपरेशन झालं तरी आईची कंबर दुखतेच, ती विटेनं शेकते, असं प्रभूनं सांगितलं. शेजारीण काल दुपारभर कुडापलीकडे डाळ निवडत होती. तिनं आवाज ऐकला नव्हता.

"पाय भाजला अन् तुमी ओरडल्या न्हाई?" राधिकानं विचारलं.

मग तिनं सिंधूबाईंना डोळे मिटायला लावले आणि डाव्या पायाचा अंगठा करकचून दाबला.

"कोणत्या पायाला हात लावला, सांगा."

"लावा की. मी डोळे मिटूनच हाय."

राधिका उठली. "सीमानं काही केलं न्हाई. ऑपरेशननंतर यांच्या पायाची नस बधिर झालीय. गरम वीट पायाखाली आली, कळलंच न्हाई. फोडाची कड विटेचीच हाय. आजच डॉक्टरला दाखवा." मग तिनं बाईंकडे पाहिलं. "सीमाचं नाव काहून घेतलं?"

"पाय मेला म्हणून चारदा फोन केला याला. पुढल्या महिन्यात येतो म्हणला. सुनेनं भाजलं म्हणलं, तवा दुसऱ्याच दिवशी दारात."

राधिकाला राग यायला हवा होता. तिला नुसतं एकटं एकटं वाटलं.

"मला तरी सांगायचं, आत्याबाई," सीमा म्हणाली.

"तू तर रोजच असतीस."

सीमानं पिशवी खांद्याला लावली आणि ती सेनगावच्या जीपकडे चालू लागली. सिंधूबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. प्रभूनं खाली बसून त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला होता. त्यांना ते कळलंच नव्हतं.