आक्का म्हणणारं गिऱ्हाईक

गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तशी गुणाने धुण्याची बादली खाली ठेवली आणि कुंपणाची काठी उपसून हातात घेतली.

भर दुपार होती. बेळगावजवळच्या काकतीतलं चैत्रातलं ऊन असं, की त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. घरामागच्या चिंचेखाली आप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, मिलिटरी गाडी उभी होती आणि तिच्याखाली कुणी परका माणूस उताणा पडून खालचं लोखंड ठोकून बघत होता. टक… टक… मधेच थांबून पुन्हा टक.

“कोण हाय रं खाली? भाईर ये.”

“आक्का… जरा थांबा. डोळ्यात गंज पडलाय.”

तो सरपटत बाहेर आला. उंच, सावळा, केसांत तांबूस भुकटी आणि एक डोळा गच्च मिटलेला. उरलेल्या एका डोळ्याने त्याने आधी काठीकडे बघितलं, मग काठी धरणारीकडे बघितलं, आणि मग त्याला काठीचा विसर पडला.

“मी रवळू. खानापूरच्या पल्याडनं आलोय. गाडी बघायला.”

“गाडी बघायला आलेला माणूस आधी दार वाजवतोय.”

“वाजवलं की. कुणी उघडलं न्हाय. मग म्हणलं बरंच झालं… मालक समोर असला की सगळ्या गाड्या गुणाच्याच असत्यात.”

तिला हसू आवरेना. “ही बी गुणाचीच हाय,” ती म्हणाली.

“ते मी खालनं बघून ठरवतो.”

“ठरवा की. पण माझंच नाव गुणा हाय.”

रवळूचा चेहरा बघण्यासारखा झाला. गुणाने काठी टाकली, तांब्या भरून आणला आणि त्याला ओणवं व्हायला सांगून डोळ्यावर पाण्याची धार धरली. पाणी गालावरून ओघळून सदऱ्यात शिरलं, तरी तो हलला नाही. त्याच्या पापण्या किती लांब आहेत हे तिला त्या वेळी दिसलं. परक्या माणसाच्या पापण्या एवढ्या निरखायचं काही कारण नव्हतं. पण धार जरा जास्तच वेळ चालली.

आता त्या ‘आक्का’चं सांगायला हवं. बेळगावच्या मुलखात भाजीवालीपासून मास्तरणीपर्यंत सगळ्या बायका आक्काच. कानडी बोलणारा असो की मराठी, अनोळखी बाईसमोर तोंडातून तोच शब्द आधी बाहेर पडतो. रवळूच्या तोंडून पडला तोही सवयीनेच. खालून त्याला नुसते पाय दिसत होते, वय दिसत नव्हतं. पण नेमके तेव्हाच गुणाचे वडील, मारुतीराव, शेताकडून परतत होते आणि त्यांनी तो शब्द ऐकला. मारुतीरावांची अर्धी उमर फौजेत ड्रायव्हर म्हणून गेलेली. तोंडातून गेलेला शब्द ते ऑर्डरीसारखा धरून बसत.

“पोरगं सभ्य हाय,” त्यांनी बायकोला, सोनुबाईंना, सांगितलं. “आल्या आल्या आपल्या पोरीला आक्का म्हणालं.”

झालं! तेव्हापासून रवळूला त्या घरात कधीही यायची मुभा मिळाली, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली.

गाडी महायुद्धाच्या वेळची. चारी चाकांनी ओढणारी. तसलीच गाडी मारुतीरावांनी फौजेत चालवली होती, आणि पेन्शनीत आल्यावर बेळगावच्या मिलिटरी लिलावात ही मिळाली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. निपाणीकडच्या काळ्या रानातून तंबाखू बाहेर काढायला दुसरी गाडी धजत नसे. ही गुडघाभर चिखलातून वाट काढत यायची. आता मारुतीरावांची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, म्हणून ती विकायची. पण कुणाला? मच्छे गावचा एक जण आला, त्याने लोखंडाचं वजन विचारलं. निपाणीचा एक व्यापारी आला, त्याला ती वरातीत मिरवायला हवी होती. मारुतीरावांनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

रवळूचं तसं नव्हतं. त्याचं गाव जंगलात, नदीपलीकडे. पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत एस्टी बंद. आजारी माणसाला कांबळ्यात घालून, कांबळं बांबूला बांधून रस्त्यापर्यंत खांद्यावरून न्यायचं. “गेल्या पावसात वहिनीला तसंच नेलं,” तो सोनुबाईंना सांगत होता. “वाटंतच बाळंत झाली. दोगंबी चांगली हायत… पण दर खेपंला असंच व्हईल असं न्हाय.” गावाने मिळून गाडी घ्यायची ठरवली होती आणि घाटात ट्रक चालवणारा म्हणून पारखायला याला पाठवलं होतं. चूक झाली तर सगळ्या गावाची फसगत होणार. त्यामुळे तो एका खेपेत ‘घेतो’ म्हणणार नव्हता, आणि ते बरोबरही होतं.

पहिल्या दिवशी इंजिन गरम निघालं. तो चहा पीत होता तेवढ्यात मारुतीरावांनी ते चालू करून ठेवलं होतं. “गरम इंजिन कुणाचंबी लागतंय, काका,” रवळू म्हणाला. “गार असताना बघाय पायजे.” म्हणून तो पुढच्या आईतवारी उजाडताच हजर झाला. हँडल मारलं, इंजिन खोकलं, निळसर धूर सोडला आणि लागलं. गुणा दारात केस विंचरत उभी होती. धुराचा रंग बघायचं सोडून हा दाराकडेच बघत होता, हे फक्त सोनुबाईंच्या लक्षात आलं.

त्यानंतरचा आईतवार कागदपत्रांचा. नंबर खरा का, लिलावाची पावती हाय का, आरटीओत नाव कुणाचं. त्याच्या पुढचा सामानाचा. “आज बेअरिंग गेलं तर उद्या कुठं मिळणार?” गुणाने त्याला आप्पांनी साठवलेली फळी दाखवली. तेलकट कागदात गुंडाळलेले सुटे भाग ती एकेक उघडत गेली. दोघं फळीसमोर खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि बेअरिंगवरचा नंबर वाचायला काही इतका वेळ लागत नाही.

“आता सगळं बघून झालं,” तो नाइलाजाने म्हणाला.

“स्टेरिंगचा खेळ बघितलासा?”

“कसला खेळ?”

“स्टेरिंगचा. सैल किती फिरतंय ते. दुसरा कसला?”

तो हसला. “न्हाय बघितला. पुढच्या आईतवारी येऊ?”

“यावंच लागंल. बिनबघता घेऊ नका.”

गुणाचं असं चाललं होतं. गाडी विकली की हा येणार नाही, एवढं सरळ गणित. म्हणून तीच नवी नवी शंका काढून द्यायची आणि तो ती इमानाने उचलायचा. आप्पांना वाटायचं, पोरगं किती चोखंदळ! गुणाला मात्र वळवाचे ढग दिसले की धस्स व्हायचं. पाऊस जवळ येत होता आणि तिकडे एक गाव वाट बघत होतं.

मग पुढच्या गियरची पाळी आली. मार्कंडेय नदीकाठच्या ओल्या जमिनीत गाडी घातली होती. मारुतीराव काठावर उभे. दाखवायला म्हणून गुणा आत, रवळूच्या शेजारी. पुढची चाकं जोडायचा दांडा काही केल्या पडेना. रवळू दात-ओठ खाऊन ढकलत होता.

“जोर न्हाय लावायचा,” गुणा म्हणाली. तिने दांड्यावर, म्हणजे त्याच्या हातावर, हात ठेवला. “गाडी जरा पुढं सरकू द्यायची… मग आपसूक पडतोय.”

गाडी सरकली. दांडा पडला. चारी चाकांनी चिखल पकडला आणि गाडी सावकाश वर निघाली. हात मात्र तिथेच राहिला.

“एक इचारू?” समोर बघतच तो म्हणाला. “मी पयल्याच दिवशी आक्का म्हणलो. तुमी मला एकदाबी अण्णा म्हणला न्हाईसा.”

“गिऱ्हाइकाला कोण अण्णा म्हणतंय?”

“भाजीवाल्याला म्हणतासा की. मघाशी ऐकलं मी.”

 गुणाने हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“मग तुमी तरी सोडा की… तसं म्हणायचं.”

“सोडलो तर काका अंगणात उभं करतील?”

 दोघांना हसू आलं.

त्याच संध्याकाळी निपाणीच्या व्यापाऱ्याचा माणूस पुन्हा आला. म्हणाल ती किंमत देतो म्हणाला. मारुतीरावांनी त्याला बाहेरूनच परत पाठवलं आणि रवळूला समोर बसवलं.

“माझ्या पोटी मुलगा न्हाय,” ते म्हणाले. “गाडी परक्याला द्यायचं मन व्हईना. तू पयल्या दिवसापासनं माझ्या पोरीला आक्का म्हणतोयस. तर ते रीतसर होऊ दे. पुढच्या आईतवारी गुणा तुला भाऊ म्हणून ओवाळंल. मग गाडी भावाची. जमंल ते दे, आणि घेऊन जा.”

रवळूने तोंड उघडलं, मिटलं आणि मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. मारुतीरावांच्या अधू नजरेला तो होकार वाटला.

तो आठवडा गुणाने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. भाकरी करपली, दूध उतू गेलं. आपण ओवाळलं नाही तर गाडी त्याला मिळणार नाही. ओवाळलं तर तो जन्माचा भाऊ होणार. रात्री डोळे मिटले की बांबूला बांधलेलं कांबळं दिसायचं. न पाहिलेल्या त्या वहिनीचा तिला एकदा राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली. शेवटी तिने मनाशी ठरवलं की ओवाळायचं. आपल्या एकटीच्या मनापायी एका गावाची गाडी अडवायची नाही.

आईतवारी चिंचेखाली पाट मांडला. रवळू नवी टोपी घालून आला होता, पण चेहरा आजाऱ्यासारखा. तो पाटावर बसला. गुणा ताट घेऊन आली. निरांजनाची ज्योत वाऱ्याने हलत होती. तिने कुंकवात बोट बुडवलं आणि ते त्याच्या कपाळाजवळ नेलं.

“थांबा,” रवळू म्हणाला आणि पाटावरून उठला.

“काय झालं रं?” मारुतीराव म्हणाले.

“काका, ही माझी आक्का न्हवं. त्या दिवशी डोळ्यात गंज होता, समोर कोण ते दिसलं न्हवतं. तोंडातनं गेलं ते गेलं. दिसल्यावर एकदाबी मनापासनं म्हणलो न्हाय. मला… मला ह्या आवडत्यात. लई आवडत्यात.”

 गुणाचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं.

“म्हणजे गाडी नको तुला?”

“पायजे. लई पायजे. पण हे असं खोटं बसून न्यायची न्हाय.”

“आणि गावात जाऊन काय सांगशील?”

“हेच सांगीन. शिव्या खाईन. आणि दुसरी गाडी हुडकीन.”

मारुतीराव त्याच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले. डोळे अधू असले तरी एवढं जवळचं त्यांना दिसत होतं. मग ते लेकीकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

“गुणा. इतके दिवस ‘आप्पा, रवळू आला’, ‘आप्पा, रवळू गेला’ करत हुतीस. आता माझ्याकडं बघून सांग. कोण हा? नाव काय ह्याचं?”

गुणाने वर बघितलं. ओठ हलले. ते नाव तिने शंभरदा घेतलं होतं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं घेतलं होतं. पण आज ते जिभेवर येऊन थांबलं. तिने पदर सावरला, मान खाली घातली आणि एक अक्षर बोलली नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसतही होती.

“सांग की,” मारुतीराव म्हणाले. “तोंड उघड.”

सोनुबाई पुढे झाल्या. त्यांनी लेकीच्या हातातलं ताट काढून घेतलं. लग्न झाल्यापासून आजपर्यंत त्यांनी स्वतः कधी ‘मारुती’ हा शब्द उच्चारला नव्हता, देवळात गेल्यावरसुद्धा.

“अवो, काय इचारत बसलासा तिला,” त्या म्हणाल्या. “नाव घेईना झाली ती त्याचं.”