लाल खुणांची टोपली

"आज छडा लागला नाही, तर मावशीची नोकरी गेली," चष्मिस म्हणाली.

"गेली तर गेली. सुट्टीत आपल्याला फिरवील," ढोल्या म्हणाला. चष्मिसने त्याच्या पायावर पाय दिला. वाद मिटला.

चष्मिसची मावशी छापखान्यात प्रुफं तपासायची. तिथे रोज सकाळी मालक छापून आलेल्या चुका सगळ्यांसमोर वाचत.

"शाळेची पत्रिका. 'वर्धापन दीन'. 'थोरांचे आर्शिवाद'. मावशी, शाळेत गेला होतात, की नुसत्या शाळेवरून?"

कामगार हसत. न हसणाऱ्याकडे मालक एकटक बघत. मग तोही हसे. सुट्टीत मावशीबरोबर छापखान्यात आले, त्या पहिल्या दिवशी चष्मिस आणि ढोल्याही हसले होते. मावशीने ते पाहिलं होतं.

नंतर मावशीच्या चष्म्याचं घर शोधताना चष्मिसला एक प्रूफ दिसलं होतं. त्यावर 'दीन'भोवती लाल गोल होता. मग छापताना दुरुस्ती गेली कुठे?

आज दोघं कागदाच्या गठ्ठ्यांमागे दबा धरून बसली. मावशीने तपासलेली प्रुफं मालकांच्या टेबलावर आली. मालकांनी नाक मुरडलं.

"काय बरबटवून ठेवते ही बाई."

त्यांनी लाल खुणांचे कागद टोपलीत टाकले आणि फायलीतली स्वच्छ, बिनखुणांची प्रत टायपिंगवाल्याला दिली. मालकांना टापटिपीची भारी हौस. टोपलीतल्या कागदांनी मशीनवाला शाई पुसत असे.

"ह्यांना दुरुस्ती म्हणजे डाग वाटतो," ढोल्या कुजबुजला.

"उचल टोपली."

तेवढ्यात शाळेचे मुख्याध्यापक पत्रिकांचा गठ्ठा घेऊन तणतणत आलेच. ढोल्याने टोपली त्यांच्यासमोर पालथी केली. त्यात त्यांच्या पत्रिकेचं लाल खुणांचं प्रूफही होतं. त्यांनी एकेक कागद चष्म्याजवळ धरून वाचला. कुणीही हसलं नाही. मालक तर अजिबात नाही.

"शाबास पोरांनो," मुख्याध्यापक म्हणाले. मग मालकांकडे वळले. "संध्याकाळपर्यंत पुन्हा छापा. तपासणार कोण?"

"मावशी आहेतच की," मालक म्हणाले.

"मला तर उद्यापासून येऊ नका म्हणालात," मावशी पर्स आवरत म्हणाली.

"मावशी, बसा ना."

"अं?"

"कृपा करून बसा."

"नीट ऐकू आलं नाही. मशीन चालू आहे ना."

मशीनवाल्याने मशीन बंद केलं. सगळ्या छापखान्यासमोर मालकांनी हात जोडून तिसऱ्यांदा विनंती केली. मग मावशी बसली.

तिचे कान उत्तम होते.