मायलेकींचा फोटो

दिवा बारीक करा आणि नीट ऐका. मध्येच कुणी खिदळलं, तर गोष्ट तिथेच बंद. ही ऐकीव गप नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा. लग्नाचे फोटो काढायचा. सगळे त्याला नवाब म्हणायचे, कारण स्वारीच्या नाकावर माशीसुद्धा परवानगी काढून बसायची.

डिसेंबरातला दुसरा शनिवार होता. आभाळ भरून आलेलं, संध्याकाळीच मिट्ट काळोख. नवाब दोन कॅमेरे गळ्यात अडकवून एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलवर पोहोचला. हॉल कसला, कांदे साठवायची जागा! भिंती काळ्या, छत काळं, आणि टेबलांवर काजव्याएवढे पिवळे बल्ब. हल्ली उजेड नसला की त्याला वातावरण म्हणतात, आणि लोकही माना डोलावतात. आता असल्या ठिकाणी शहाणा माणूस काय करील? फ्लॅश लावील, नाहीतर कॅमेरा स्टँडवर ठेवील. कारण अंधारात कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात जे हलेल ते पुसट येतं. पण नवाबाचा फ्लॅश घरी, स्टँड गाडीत. "फ्लॅश पासपोर्टचे फोटो काढणाऱ्यांनी लावावा," तो म्हणायचा, "आणि स्टँड ज्यांचे हात कापतात त्यांनी."

नवरीच्या आईने त्याला दाराशीच गाठलं. "दादा, बाकी तुम्हाला हवं ते काढा. मला फक्त लेकीबरोबर एक फोटो हवाय. हिचे बाबा पावसाळ्यात गेले. तेव्हापासून आम्ही दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्याच राहिलो नाही. उद्या ही साता समुद्रापलीकडे जाते. परत येईल तेव्हा मी असेन, नसेन..."

"काकू, मी कलाकार आहे. फर्माइशी घेत नाही," नवाब म्हणाला. "बघू, वेळ मिळाला तर."

बघू म्हणे! लेकीच्या लग्नात आई एवढंसं मागते, आणि हा दीडशहाणा तोंड वर करून बघू म्हणतो. असल्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

लग्नाच्या रजिस्टरवर सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, जेवणं उरकली. नवाबाने पेल्यांचे, खुर्च्यांचे आणि स्वतःच्या सावलीचे ढीगभर फोटो काढले. पाहुणे पांगले. जावई सामान गाडीत ठेवायला वर गेला. हॉलवाला खुर्च्या एकात एक रचून निघून गेला, तेव्हा आई लेकीला घेऊन पुन्हा नवाबासमोर आली. नुसती उभी राहिली.

नवाब उपकार केल्यासारखा उठला. दोघींना भिंतीपाशी उभं केलं आणि फोटो काढला. दोघी पुसट. "हलू नका हो!" पुन्हा काढला. पुन्हा पुसट. रडू दाबून धरलेली माणसं, ती हलणारच. पण नाचता येईना अंगण वाकडं!

"दोन क्षण पुतळ्यासारखं उभं राहता येत नाही?" नवाब कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत खेकसला. "मागच्या त्या गृहस्थांकडून शिका, कसे रेखीव आलेत! आणि ओ काका, तुम्हाला कुणी बोलावलंय? व्हा बाजूला!"

दोघींच्या मागे भिंत होती.

"कोण गृहस्थ?" आईने विचारलं.

"हेच की. टकलू. चष्मा कपाळावर चढवलाय, शर्टाचं बटण एक घर चुकलंय. लग्नाला येताना माणसाने जरा तरी..."

लेकीने आईचा हात घट्ट धरला.

"आई..."

"बटण नेहमी चुकायचंच त्यांचं," आई पुटपुटली.

नवाबाने मान वर केली. भिंतीपाशी कुणी नव्हतं. त्याने पुन्हा पडद्यात पाहिलं. दोघी धुरकट. आणि त्यांच्या मधोमध तो... लख्ख. थेट नवाबाकडे बघत होता. रागाने नाही. पायाखाली आलेल्या झुरळाकडे बघावं तसा.

आता नवाबाचे हात कापायला लागले. लटलट. "उद्या... उद्या येऊन काढतो, काकू."

"उद्या ती नसेल," आई म्हणाली. "आत्ता काढा."

त्याने कॅमेरा उचलला. या वेळी पडद्यात दोघीच होत्या. तो नव्हता. बाजूला हो म्हटलं होतं ना... झाला होता.

मग डाव्या कोपराखाली काहीतरी टेकलं.

गार.

तळवा होता.

बोटं हळूहळू आवळली. हात वर उचलला गेला. थरथर थांबली.

मागे वळायची नवाबाची छाती झाली नाही. समोर मायलेकी. दोघी त्याच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. डोळ्यांतून धारा... आणि हसत होत्या.

क्लिक.

फोटो कसा आला म्हणता? अरे, त्याच्या सात जन्मांत तसा आला नसता. पापणीचा केस न् केस मोजून घ्या. तो त्याने दुकानाच्या काचेत मिरवायला लावला नाही, एवढी तरी लाज शिल्लक होती. एरवी कुणाच्या दारी न जाणारा हा शहाणा आठवडाभराने स्वतः फोटो द्यायला गेला. लेक तोवर गेली होती. आई एकटीच होती.

तिने फोटो बघितला आणि टेबलावर ठेवला. मग काही न विचारता नवाबाची डावी बाही वर सारली. कोपराखाली चार बोटं आणि एक अंगठा उमटलेला, पांढराफटक. आईने त्या बोटांवर आपली बोटं ठेवली. बराच वेळ उचललीच नाहीत. आणि नवाब, ज्याने उभ्या आयुष्यात कुणासाठी थांबणं कमीपणाचं मानलं, तो मान खाली घालून उभा राहिला.

डॉक्टर झाले, मलमं झाली. डाग आहेत तिथेच आहेत. भर मे महिन्यात मी स्वतः हात लावून बघितलाय. सगळं अंग घामाने थबथबलेलं, आणि तेवढीच जागा... गार.